साडीच्या जुन्या मागावर कतरनचं पायपुसणं विणताना रुंदी आवळते, काठाचे दोरे तुटतात : माग विकायच्या आधी पट्टी तपासा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात लिहिते म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ कळेल. तुमचं इंदूरच्या सुदामा नगरला बुटीक आहे, दुकानातली कतरन, म्हणजे शिवताना उरलेले कापडाचे तुकडे, पोत्यांनी साठलीय, महेश्वरच्या एका विणकराकडून साडीचा जुना माग स्वस्तात मिळाला आणि त्यावर पायपुसणी, छोट्या सतरंज्या विणायच्यात. पहिली विणायला घेतली ती २४ इंचांवर सुरू झाली आणि वीतभर पुढे जाईपर्यंत २० वर आली, काठ सरळ नाहीत, लाटा लाटा आल्यात, काठाकडचे ताण्याचे (मागावर उभे ताणलेले) दोरे सारखे तुटतात, आणि धुतल्यावर तर ती अजूनच वाकडी झाली वर धागे निघाले ते वेगळेच. विचारलंय की माग खराब निघाला का, टी-शर्टचं कापड यात चालतं का, आणि यातून जाकिटासारखं अंगावर घालायचं कापड होईल का.

ताई, माग खराब नाहीये. बारीक कामाचा आहे, जाड कामासाठी त्यात दोन-तीन बदल करावे लागतील, ते खाली सांगते. पण तुमच्या बहुतेक तक्रारींचं मूळ एकच आहे आणि ते मागावर नाही, कात्रीपाशी आहे. तुमच्या पट्ट्या एका जाडीच्या नाहीयेत. तुम्ही लिहिलंय की सगळ्या पट्ट्या मोजून एक इंचाच्या कापल्या. तिथेच गडबड झाली. जीन्सची एक इंच आणि अस्तराची एक इंच या दोन पट्ट्या मागावर एकसारख्या वागणारच नाहीत, एक दोरखंडासारखी बसते आणि दुसरी कुठे गेली ते दिसतही नाही.

आता हे कसं घडतं ते बघा. बाणा, म्हणजे आडवी विणली जाणारी पट्टी, कधीच सरळ रेषेत जात नाही, एका दोऱ्याच्या वरून आणि पुढच्याच्या खालून जातो, म्हणजे २४ इंच रुंदीला पट्टी २४ इंचांपेक्षा बरीच जास्त लागते. पट्टी जितकी जाड तितकी जास्त. तुम्ही धोटा (बाणा आरपार नेणारा) टाकला, पट्टी काठापर्यंत ओढून सरळ केली, आणि मग हत्था (बाणा ठोकून बसवणारी चौकट) मारला, तर ती वळण घ्यायला जागा कुठून आणणार, काठाकडून आणणार, म्हणजे दोन्ही काठ आत येणार. पातळ पट्टीला हे थोडं होतं, जाडीला खूप, म्हणून काठाला लाट दिसते. आणि एकदा विणलेला भाग २० इंच झाला की फणीत, म्हणजे हत्थ्यातल्या ज्या पात्यांमधून ताण्याचे दोरे जातात तिथे, तर ताणा अजून २४ इंचांतच पसरलेला आहे ना, मग काठाचे दोरे फणीतून तिरके बाहेर येतात आणि हत्थ्याच्या प्रत्येक फेरीला फणीच्या पात्यावर घासतात. ते तुटणारच. नवीन सूत आणलंत तरी तुटेल. म्हणजे आवळणं, लाटा आणि दोरे तुटणं या तीन वेगळ्या तक्रारी नाहीयेत, एकीमधून दुसरी निघते.

मग पट्टी एकसारखी कशी करायची? रुंदीने नाही, वजनाने. मी जे करते ते सांगते. सोनार वापरतात तसला छोटा डिजिटल वजनकाटा घ्या, ग्रॅममध्ये दशांश चिन्हानंतर दोन आकडे दाखवणारा, फार महाग नसतो. प्रत्येक कापडातून १० सेंटिमीटर बाय १० सेंटिमीटरचा चौकोन कापा आणि वजन करा. मग ४.५ ला त्या वजनाने भागा, जे उत्तर येईल तेवढे सेंटिमीटर पट्टीची रुंदी. बस, एवढंच. साधारण शर्टिंग कॉटनचा चौकोन १.२ ग्रॅमच्या आसपास भरतो, म्हणजे पट्टी पावणेचार सेंटिमीटर, दीड इंच धरा. जीन्स ३.४ च्या जवळ, म्हणजे जेमतेम १.३ सेंटिमीटर, अर्धा इंच. महेश्वरी किंवा पातळ मलमल ०.६ भरली तर साडेसात सेंटिमीटर, तीन इंच! हे ऐकून सगळ्यांना वाटतं की काहीतरी चुकतंय, पण त्या पट्ट्या हातात दाबून बघा, चिमटीत सगळ्या सारख्या लागतील. यातलं ४.५ म्हणजे काय तर एक मीटर पट्टीचं वजन साडेचार ग्रॅम आलं पाहिजे, ही पायपुसण्याला चांगली जाडी आहे. अजून बारीक काम हवं तर ३ धरा, एकदम जाड सतरंजी हवी तर ६, पण जो आकडा धराल तो पूर्ण सतरंजीभर तोच ठेवा.

आता कतरनकडे येऊ, कारण खरा वेळ तिथेच जातो आणि नवीन लोक नेमका तिथेच वाचवतात. पोतं उघडलं की पहिलं काम जातवारी. बुटीकच्या कतरनमध्ये साधारण काय येतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत, अस्तराचं कॉटन, टू बाय टू रुबिया, सलवार-कमीजचं कॉटन, मग क्रेप, जॉर्जेट, सॅटिन, थोडं ब्रोकेड, बकरम, कॅनव्हास. बकरम आणि कॅनव्हास सरळ बाजूला. जरी, टिकल्या, सिक्वेन्स असलेलं पण बाजूला, पायाखाली टोचतं आणि विणताना तुमचीच बोटं कापतं. उरलेल्याचे सुती आणि सिंथेटिक असे दोन ढीग. कळत नसेल तर चार धागे ओढून चिमट्यात धरून स्टीलच्या ताटलीवर जाळून बघा, सुती असेल तर जळका कागद येतो तसा वास आणि बोटाने चुरडली जाईल अशी राख, पॉलिएस्टर असेल तर वितळून कडक गोळी होते. दोघांचं मिश्रण असेल तर राखेत बारीक गोळ्या लागतात. सुती ढीग पायपुसण्याला जातो कारण पाणी शोषतो. सिंथेटिकचं पायपुसणं दिसायला झकास पण पाणी नुसतं इकडचं तिकडे करतं, त्याच्या पिशव्या विणा, भिंतीवर लावायचं काही विणा, टेबल मॅट मात्र नको, गरम भांडं ठेवलं की चिकटेल.

सुती ढीग कापायच्या आधी धुवायचाच. कोमट पाणी, थोडा साबण, आणि गडद लाल, काळा, निळा वेगळ्या बादलीत. हे सोडलंत म्हणून तुमची पहिली सतरंजी धुतल्यावर वाकडी झाली, काही कापडं आधीच आटलेली होती काही कोरी होती, दोघं एका ताण्यात शेजारी बसवली की एक आटणार दुसरं नाही. आपल्याकडे इंदूरला बाघ प्रिंटचे तुकडे भरपूर मिळतात, धार जिल्ह्यातल्या बाघचे, लाल-काळे, ते लोक रंगवताना स्वतःच इतक्यांदा धुतात-उकळतात की त्याचा फारसा त्रास होत नाही, तरी एकदा पाण्यातून काढा. उज्जैनच्या भेरूगढचं बाटिक असेल तर हाताला चिकट लागतंय का बघा, मेण राहिलं असेल तर उकळत्या पाण्यात टाकून काढायचं, वर तरंगतं, नाहीतर पट्टी फणीला चिकटत राहते.

महेश्वरीचे तुकडे असतील तर जपून. त्यात साधारणपणे ताणा रेशमाचा आणि बाणा सुती, कापल्यावर कडेने सळसळ धागे सुटतात. मी ते तीन इंच कापून मध्ये घडी घालून कच्च्या कडा आत घेते, मग विणते. वेळ लागतो पण त्या कापडाची चमक दुसऱ्या कशाला येत नाही.

फाडायचं की कापायचं? विणलेलं सुती कापड जिथे सरळ लांब आहे तिथे फाडा, फाडलेली पट्टी धाग्याच्या रेषेत जाते आणि कापलेली बऱ्याचदा तिरकी जाते, तिरकी पट्टी ताणली जाते. पण फाडताना जो भुसा उडतो तो नाकात जाऊ देऊ नका, मास्क लावा आणि गच्चीवर किंवा ओट्यावर बसून फाडा. इंदूरला मालवा मिल, हुकुमचंद मिलच्या आसपास वाढलेल्या घरांमध्ये कापसाच्या धुळीचा खोकला काय असतो हे कोणाला सांगावं लागत नाही. हुकुमचंद १९९१ ला बंद पडली पण तो खोकला घेऊन माणसं नंतर कितीतरी वर्षं जगली. तुमच्याकडे दोन-तीन बायका कामाला असतील तर त्यांनाही मास्क द्या, कंटाळा करतील तरी द्या. फाडल्यावर कडेचे जे लांब धागे लोंबतात ते तिथेच ओढून टाका, पट्टी मुठीतून एकदा झटकून ओढली की निम्मे गळतात. तुमचे धुतल्यावर निघालेले धागे हेच होते.

बुटीकची कतरन म्हणजे मुंढ्याचे, गळ्याचे वाकडेतिकडे तुकडे, त्यात लांब पट्टी निघत नाही हा तुमचा मुद्दा बरोबर आहे. दहा इंचांपेक्षा छोटं जे निघेल ते बाण्याला वापरूच नका. खरंच. जोडत बसाल आणि जोडांचीच सतरंजी होईल. हातरुमालाएवढा तुकडा असेल तर त्याला झिगझॅग कापा, एका बाजूने कापत जा आणि कडेला पट्टीच्या रुंदीएवढं सोडा, मग उलट्या बाजूने, अशी एक सलग पट्टी निघते, वळणाच्या कोपऱ्यांची टोकं मात्र कात्रीने गोल करा नाहीतर विणल्यावर शिंगं वर येतात. त्याहून छोटे तुकडे गोधडीच्या आतल्या थराला, उशीत, नाहीतर ठिगळकामाला. आपल्या आज्या वाकळ शिवायच्या त्यात हेच जायचं. तरीही काही उरेलच, ते सुक्या कचऱ्यात, गाडी दारात येतेच.

जोड. तीन प्रकार चालतात. एक म्हणजे दोन्ही टोकांना चीर पाडून एकमेकींत गुंतवायचं, पटकन होतं, शिवण नको काही नको, पण गाठीसारखा उंचवटा येतो आणि पायाला लागतो, पिशवीला चालेल. दुसरा मशीनवर तिरका जोड, क्रॉस पट्टी जोडतो ना तसाच, काटकोनात ठेवून तिरकी शिलाई, बाकी कापून टाकायचं. तुमच्याकडे मशीन आहे, कारागीर आहेत, मोकळ्या वेळात एक जण नुसती पट्टी जोडून गुंडे करू शकतो, तुम्हाला हाच सोयीचा. तिसरा मला सगळ्यात आवडतो, शिवायचंच नाही, दोन्ही टोकं अडीच इंच निमुळती कापायची आणि ताण्याच्या फटीत (वरचे-खालचे दोरे उघडतात तिथे) एकावर एक ठेवून हत्था मारायचा. निमुळती दोन मिळून एका पट्टीएवढी जाडी होते, कुठे जोडलं ते शोधूनही सापडत नाही. फक्त जोड काठावर येऊ देऊ नका आणि लागोपाठच्या फेऱ्यांत एकाखाली एक येऊ देऊ नका.

टी-शर्टचं कापड चालतं का? चालतं, छान चालतं, पण स्वतंत्र. होजिअरी आडवी कापून थोडी ओढली की स्वतःच गुंडाळून गोल दोरी होते, कच्ची कड दिसतच नाही, धागे निघत नाहीत, नवीन शिकणाऱ्याला मी तेच देते. पण ती ताणते. विणताना तुमच्या हाताने ती नकळत ताणून जाते आणि मागावरून उतरली की दोन-तीन दिवसांत परत आपल्या मापाला येते. सबंध सतरंजी होजिअरीची असेल तर सगळी सारखी आवळेल, कोणाला कळणार नाही. विणलेल्या कापडाच्या पट्ट्यांमध्ये होजिअरीचे पट्टे टाकले तर जिथे जिथे होजिअरी तिथे तिथे काठ आत, आणि धुतल्यावर तर नक्कीच. तुम्ही पाठवलेल्या फोटोत जी गुलाबी फेरी आहे, जिथे काठ खोल आत गेलाय, ती मला होजिअरीच वाटतेय.

आता माग. महेश्वरी साडीचा माग म्हणजे बारीक सुताचा, त्याची फणी इतकी दाट असते की जाड सूत घरात, म्हणजे पात्यांमधल्या फटीत, शिरणारच नाही, आणि शिरवलंच तर घासून केस निघतील. राछाचे (ताण्याचे दोरे वर-खाली करणाऱ्या चौकटीचे) डोळेही तसेच बारीक. म्हणजे फणी आणि राछ दोन्ही वेगळे घ्यावे लागतील, बाकी सांगाडा तोच. विरळ फणी घ्या, इंचाला ८ घरांची मिळाली तर उत्तम, १६ ची मिळाली तर एक घर सोडून एक भरायचं. महेश्वर दोन-अडीच तासांवर आहे, ज्यांच्याकडून माग घेतलात त्यांनाच विचारा, विणकरांना फणी कोण भरून देतं हे पक्कं माहीत असतं. दुसरं, साडीचा हत्था हलका असतो, साडीला ठोकायची गरजच नसते. कतरनला वजन लागतं. हत्थ्याच्या खालच्या लाकडाला मागून लोखंडी पट्टी बोल्टने आवळून घ्या, कोणताही वेल्डिंगवाला करून देईल, दोन-अडीच किलोने खूप फरक पडतो. तिसरं, झटक्याचा (दोरी ओढली की पळणारा) धोटा असेल तर तो विसरा, त्याच्यात पट्टी मावत नाही, लांब चपट्या लाकडी पट्टीवर कतरन गुंडाळून हाताने टाकायची, दोन्ही टोकांना खाच असलेली.

ताण्याला तुम्ही साडीचंच उरलेलं बारीक सूत लावलंत, ते एक चुकलंच. पायपुसण्याचा ताणाच तर झिजतो सगळ्यात आधी. १० नंबरचं ६ पदरी सुती सूत घ्या, सतरंजीवाले वापरतात ते. हे एका किलोत साधारण २८०० मीटर भरतं. इंचाला ८ दोरे. २४ इंचाची तयार हवी तर फणीत २६ इंच धरा, थोडं आवळणार ते धरूनच, म्हणजे २०८ दोरे, आणि दोन्ही काठांना शेवटचे दोन-दोन दोरे दुहेरी भरायचे, ते ४ वाढले, २१२. लांबीचं गणित असं, तीन फुटाच्या एका पायपुसण्याला विणण्यात खपणारं आणि दोन्हीकडच्या दशा धरून चार फूट ताणा. आणि मागाला सुरुवातीला बांधायला नि शेवटी फणीमागे अडकून राहणारं असं तीन फूट वाया जातंच, माग मोठा आहे तुमचा. म्हणजे एकच विणायला ताणा लावला तर सात फुटांत तीन फूट वाया. चार एकदम लावले तर एकोणीस फुटांत तीन. चाराला २१२ दोरे गुणिले जवळजवळ ५.८ मीटर, म्हणजे १२३० मीटर, साधारण साडेचारशे ग्रॅम सूत. एकासाठी ताणा कधी लावू नका, मेहनतही तेवढीच लागते.

कतरन किती लागेल हे पण विचारलंत. साडेचार ग्रॅमवाली पट्टी इंचाला साधारण ५ फेऱ्या बसते. दीड इंच रुंद पट्टी गुणिले ५, वर वळणाचं थोडं, म्हणजे तयार सतरंजीच्या क्षेत्रफळाच्या जवळजवळ आठपट कापड. दोन बाय तीन फुटाला ४८ चौरस फूट शर्टिंग, वजनात साडेपाचशे ग्रॅमच्या आसपास. हे विणलं गेलेलं, निवडून-कापून वाया जाणारं वेगळं, बुटीकच्या कतरनमध्ये ते कमी नसतं. सहाशे-सातशे ग्रॅम तयार पट्टीचे गुंडे हाताशी असल्याशिवाय सुरू करू नका, अर्ध्यात रंग संपला की कितीही शोधा, तो परत मिळत नाही.

रंगाचं एक सांगते. ताणा चारचा असेल तर प्रत्येक रंगाचा ढीग आधीच चार भागांत वाटून चार पिशव्यांत भरा. नाहीतर पहिल्यात सगळे आवडते रंग संपतात आणि चौथं मेहंदी नि करड्या रंगाचं होतं, मी कित्येक जणींचं बघितलंय.

विणताना काय करायचं. सुरुवातीला आणि शेवटी एक-दीड इंच त्याच ताण्याच्या सुताने विणा, नुसतं सूत, मग कतरन सुरू. तो पट्टा नसेल तर कतरन दशांमधून खाली सरकत राहते. पट्टी टाकली की ती ताण्याच्या फटीत तिरकी ठेवा, एका काठापाशी टेकलेली आणि दुसऱ्याकडे चार-पाच बोटं वर, किंवा मध्ये कमान करून. ही जी जास्तीची लांबी आहे ना तीच वळणांमध्ये जाते आणि काठ जागेवर राहतो. नवीन माणसाला भीती वाटते की खूप ढिली होईल, होत नाही, हत्था बसवतो. आधी उघड्या फटीवर मारा, मग पावडी (पायाने दाबायची पट्टी) बदला, परत मारा. काठावर पट्टी वळवताना अर्धा पिळा द्या म्हणजे कच्ची कड खाली जाते. आणि काठ ताणून धरणारी आडवी लाकडी पट्टी, टोकांना सुया असतात ती, महेश्वरचे विणकर वापरतातच, तुमच्या मागाबरोबर आली असेल, नसेल तर मागून घ्या. दर दोन-तीन इंचांनी पुढे सरकवायची. ती लावली म्हणून पट्टी ओढायची परवानगी मिळाली असं मात्र नाही, ओढाल तर सुया काठ फाडतील. दर वीतभराने टेप लावून रुंदी मोजा. अर्धा इंच कमी झालेली दिसली तर तिथेच थांबून उसवा, पुढे जाऊन सुधारत नाही.

ताण घट्ट हवा. साडीला ठेवतात त्याहून खूप घट्ट, हाताने थाप मारली तर आवाज आला पाहिजे. मागच्या रुळाची दोरी जुनी असेल तर आधी बदला.

जाकिटाचं कापड. होतं, पण तुमच्या आत्ताच्या पट्टीने नाही होणार. बंगालमध्ये बीरभूमकडे, शांतिनिकेतनच्या आसपास, खेश विणतात, ताणा नव्या सुताचा आणि बाण्याला जुन्या साड्या फाडून केलेल्या बारीक पट्ट्या, ते कापड इतकं मऊ येतं की पांघरुणं, चादरी होतात, आता पिशव्या नि जाकिटंही. उत्तर जपानमध्ये थंडीमुळे कापूस पिकायचा नाही, दक्षिणेकडून जहाजाने जुने सुती कपडे जायचे, ते फाडून साकीओरी विणायचे आणि त्याचे कामाचे कोट घालायचे. दोन्हीकडे युक्ती तीच, पट्टी बारीक आणि कापड जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं. बुटीकची कोरी कतरन त्या मानाने ताठ असते. तुम्ही करून बघा असं, आईच्या, सासूच्या जुन्या सुती साड्या घ्या, लांबीत फाडा, अर्ध्या इंचापेक्षा कमी, ताणा बारीक घ्या, २/२० चं सूत (२० नंबरचं दोन पदरी) इंचाला १६ दोरे, आणि एक फेरी पट्टीची, दोन फेऱ्या सुताच्या. हत्था हलकाच. एका सुती साडीत बऱ्यापैकी कापड निघतं. यासाठी मात्र हत्थ्याची लोखंडी पट्टी काढून ठेवावी लागेल, म्हणून बोल्टनेच लावा म्हटलं. कापड शिवायच्या आधी धुवून वाळवा आणि कटिंगच्या रेषेवर आधी मशीनने शिलाई मारून मग कापा, नाहीतर कापलेल्या बाजूने पट्ट्या बाहेर यायला लागतील.

विकायचं म्हणताय तर स्पष्ट बोलते. बाजारात पानिपतकडून येणारी चिंधीची पायपुसणी ज्या भावाला मिळतात त्या भावात तुमचं सूतसुद्धा निघणार नाही, त्या स्पर्धेत जाऊच नका. तुमची ताकद वेगळी आहे, तुमच्याकडे ज्या बाईने ड्रेस शिवला तिच्याच ड्रेसच्या आणि आधीच्या चार ड्रेसच्या कतरनची सतरंजी तिला विणून देता येते, असं दुसरं कोणी देत नाही. कतरन स्वतःची म्हणून फुकट धरू नका, निवडणं, धुणं, कापणं, जोडणं याचा वेळ विणण्यापेक्षा जास्त असतो, तो लिहून ठेवा आणि भावात धरा. आणि चिठ्ठीवर सुती की मिश्र ते खरं लिहा, आपल्याकडच्या बायका कापड हातात घेतलं की ओळखतात.

उतरवल्यावर दशांच्या चार-चार दोऱ्यांच्या गाठी मारा, गाठ विणीला अगदी टेकली पाहिजे. मग एकदा थंड पाण्यात बुडवून, न पिळता, सपाट जागी वाळवा, दोरीवर टांगू नका, ओल्या कतरनचं वजन खूप असतं, लांबीत ओढली जाते. गिऱ्हाइकालाही हेच सांगा. मशीनमध्ये नको, ब्रश नको. फरशीवर घसरते ती तक्रार येईलच, त्यासाठी खाली रबराची जाळी मिळते ती मापात कापून द्या. पुढचा ताणा लावाल तेव्हा पट्टीच्या चौकोनांची वजनं आणि मागावर असतानाचा एक फोटो टाका, टेप रुंदीवर ठेवून, मग बघून सांगते.